खोट्या सनदा आणि दोन व्रतस्थ

इ. स. १६८३ च्या जुलै महिन्यात अँटवर्प शहरातून पॅरिसकडे एक पत्र निघाले. लिहिणारे होते येशूसंघीय धर्मगुरू फादर डॅनिएल पापेब्रोख आणि ज्यांना ते लिहिले होते ते बेनेदिक्ती मठवासी दोम जाँ माबीयाँ. दोघेही व्रतस्थ आणि दोघेही इतिहाससंशोधक. त्यांतील एकाने दुसऱ्याचा सिद्धान्त दोन वर्षांपूर्वी भल्यामोठ्या लॅटिन ग्रंथाद्वारे साऱ्या युरोपसमोर खोडून काढलेला होता. अशा प्रसंगी पंडितांच्या जगात सहसा काय घडते, हे सांगायला नको. उत्तराला प्रत्युत्तर, प्रत्युत्तरावर टीका, टीकेवर उपहास आणि अखेरीस आजन्म अबोला! पापेब्रोख यांच्या पत्रात यांपैकी काहीच नव्हते. त्यात काय होते, ते यथावकाश सांगूच. परंतु त्या पत्राचे मोल कळावे यासाठी वाचकांना आमच्याबरोबर आधी थोडे मागे यावे लागेल.

बनावट सनदांचे युग

मध्ययुगीन युरोपातील मठ हे प्रार्थनेचे स्थान होते, तसेच ते मोठे जमीनदारही होते. शेते, जंगले, पाणचक्क्या, मासेमारीचे हक्क, जकातीची माफी अशी नाना प्रकारची दाने राजेरजवाड्यांनी मठांना दिलेली असत आणि त्या दानाचा पुरावा म्हणजे राजाची सनद. ही सनद कधी पपायरसवर तर कधी चर्मपत्रावर लिहिलेली असे. नवव्या शतकात उत्तरेकडील दर्यावर्दी टोळ्यांच्या धाडी आल्या, अनेक मठ जळाले, दप्तरे नष्ट झाली. पुढे एखादा सरदार वा शेजारचा बिशप त्या जमिनीवर हक्क सांगू लागला की, मठाधिपतींना सनद दाखवावी लागे आणि सनद तर राखेत मिळालेली! मग मठातील एखादा सुंदर हस्ताक्षराचा बंधू लेखणी घेऊन बसे आणि जुन्या राजाच्या नावाने नवी सनद तयार होई.

हे करणारे सगळेच लबाड होते, असे म्हणता येत नाही. राजाने दान खरोखरच दिले होते, केवळ पत्र हरवले. तेव्हा ते पुन्हा लिहून काढण्यात पाप ते कसले, असा त्यांच्या मनाचा कौल असावा. पण एकदा ही वाट मोकळी झाली की, जे दान मिळालेले होते त्याच्या जोडीला जे मिळायला हवे होते तेही सनदेत येऊन बसते. आपल्यालाही हा प्रकार अपरिचित नाही. मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सेवा केलेले पुराभिलेखतज्ज्ञ जॉन फेथफुल फ्लीट यांनी १९०१ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात भारतातील बनावट ताम्रपटांची व लेखांची एक यादीच प्रसिद्ध केली होती. जमिनीचा मोह आणि पूर्वजांचा अभिमान या दोन गोष्टींना देशधर्माच्या सीमा नाहीत.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध बनावट दस्तऐवज म्हणजे तथाकथित ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’. सम्राट कॉन्स्टंटाइनने पोप सिल्व्हेस्टर यांना रोम व पश्चिमेकडील प्रदेशांची सत्ता बहाल केली, असे त्यात म्हटले आहे. चौथ्या शतकाचा दावा करणारे हे पत्र वस्तुतः आठव्या शतकाच्या सुमारास रचले गेले. १४४० साली लॉरेन्झो वाल्ला या इटालियन भाषापंडिताने त्यातील लॅटिन भाषाच कॉन्स्टंटाइनच्या काळची नाही, हे शब्दाशब्दावर बोट ठेवून दाखवून दिले. वाल्ला त्या वेळी पोपमहोदयांशी वैर असलेल्या नेपल्सच्या राजाच्या पदरी होता, हे खरे. पण पुढे पोप निकोलस पाचवे यांनी याच वाल्लाला रोममध्ये नोकरी दिली, हेही तितकेच खरे आहे. त्याच्याही आधी, १४३३ साली, निकोलस ऑफ क्यूसा या धर्मपंडितांनी या दानपत्राविषयी शंका व्यक्त केली होती आणि ते पुढे कार्डिनल झाले. खोटे उघड करणारा मनुष्य ख्रिस्तसभेचा शत्रूच असतो, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

संतांच्या कथांची छाननी

सतराव्या शतकाच्या आरंभी येशूसंघातील फादर हेरिबर्ट रोसवाइडे यांच्या मनात एक विलक्षण कल्पना आली. संतांची चरित्रे शतकानुशतके वाचली जात होती. पण एकाची नक्कल दुसऱ्याने करताना त्यांत इतकी भर पडली होती की, मूळ चरित्र कोणते आणि भाविकांचे अलंकार कोणते, हे ओळखणे कठीण झाले होते. सर्व जुन्या हस्तलिखितांचा शोध घेऊन, ती ताडून पाहून मूळ पाठ प्रसिद्ध करावेत, अशी योजना त्यांनी १६०७ साली जाहीर केली. ती पाहून कार्डिनल बेलार्मिन यांनी, हा मनुष्य दोनशे वर्षे जगणार आहे काय, असे मिस्कीलपणे विचारल्याची आख्यायिका आहे. जुन्या चरित्रांतील भाकडकथा जशाच्या तशा छापल्यास भक्तीऐवजी हसूच होईल, अशी काळजीही त्या थोर कार्डिनलांना वाटत होती.

रोसवाइडे १६२९ साली निवर्तले तेव्हा एकही खंड छापून झालेला नव्हता. त्यांच्यामागे फादर जाँ बोलांड यांनी ते काम अंगावर घेतले. १६४३ साली जानेवारी महिन्यातील संतांचे दोन खंड अँटवर्पला प्रसिद्ध झाले आणि ‘आक्ता सांक्तोरुम’ या महाग्रंथाचा आरंभ झाला. बोलांड यांच्या नावावरून या संशोधकमंडळाला ‘बोलांडिस्ट’ हे नाव पडले. त्यांच्या मदतीला आधी फादर गोडफ्री हेन्शेन आले आणि नंतर अँटवर्पच्याच मातीत १६२८ साली जन्मलेले तरुण फादर पापेब्रोख. १६६० साली हेन्शेन व पापेब्रोख हस्तलिखितांच्या शोधात रोमला निघाले. जर्मनी, इटली आणि फ्रान्समधील ग्रंथालये धुंडाळून ते १६६२ च्या अखेरीस परतले.

जो मनुष्य हजारो जुन्या पोथ्या पाहतो, त्याची नजर संशयी होते. पापेब्रोख यांचे तसेच झाले. १६७५ साली प्रसिद्ध झालेल्या एप्रिल महिन्याच्या दुसऱ्या खंडाला त्यांनी एक प्रस्तावना जोडली. जुन्या चर्मपत्रांतील खरे कोणते आणि खोटे कोणते, हे कसे ओळखावे, हा तिचा विषय होता. त्यांनी काही सनदांची बारकाईने तपासणी केली, त्या बनावट ठरवल्या आणि त्यावरून एक व्यापक नियम बसवला: सनद जितकी जुनी म्हणून सांगितली जाते, तितकी ती अधिक संशयास्पद. या नियमाच्या तडाख्यात फ्रान्समधील बेनेदिक्ती मठांच्या, विशेषतः राजघराण्याची दफनभूमी असलेल्या सां-देनी मठाच्या, कितीतरी प्राचीन सनदा सापडल्या.

हा घाव साधा नव्हता. सनद खोटी ठरली तर जमीन जाईल, हा त्यातील लहान भाग. आपले पूर्वज खोटे दस्तऐवज करणारे होते, असा आरोप एका धर्मसंघाने दुसऱ्यावर करावा, हे त्याहून मोठे दुःख होते. पापेब्रोख यांचा हेतू तसा नव्हता; परंतु शब्द छापून गेले होते.

माबीयाँ यांचे उत्तर

उत्तर देण्याचे काम बेनेदिक्ती सां-मोर परिवारातील दोम जाँ माबीयाँ यांच्याकडे आले. १६३२ साली शाम्पान्य प्रांतातील सां-पिएरमाँ या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी सां-देनीच्या मठात काही काळ त्यांच्याकडे तेथील मौल्यवान वस्तू यात्रेकरूंना दाखवण्याचे काम होते. १६६४ साली ते पॅरिसमधील सां-जेर्मेन-दे-प्रे मठात आले आणि तेथील ग्रंथालयात रमले.

माबीयाँ यांनी उत्तराची घाई केली नाही. सहा वर्षे त्यांनी सनदा पाहण्यात घालवली. पापेब्रोख यांच्या हाती फारच थोड्या मूळ सनदा आल्या होत्या. त्यांचा बराच आधार छापील प्रतींवर आणि नकलांवर होता. माबीयाँ यांनी मठामठांतील मूळ चर्मपत्रे समोर ठेवली. १६८१ साली त्यांचा ‘दे रे दिप्लोमातिका’ हा सहा भागांचा ग्रंथ पॅरिसला प्रसिद्ध झाला. लेखनाचे साहित्य, शाई, अक्षराचे वळण, भाषा, मायने, सह्या, मुद्रा, कालगणनेची पद्धत अशा एकेका अंगाचा त्यात विचार आहे. निरनिराळ्या शतकांतील हस्ताक्षरांचे नमुने ताम्रफलकांवर कोरून छापले आहेत आणि शेवटच्या भागात सुमारे दोनशे दस्तऐवज पुराव्यादाखल दिले आहेत.

त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: एखाद्या लक्षणावरून सनद खरी वा खोटी ठरवू नये; सर्व लक्षणे एकत्र पाहावीत. एक चूक आढळली म्हणून सारे पत्र बनावट ठरत नाही, कारण लेखनिकही माणूसच असतो. आणि बाहेरून सारे नीटनेटके दिसले म्हणून ते खरेही ठरत नाही. बनावट सनदा आहेत, हे माबीयाँ यांनी नाकारले नाही. पण काही खोट्या आहेत म्हणून सगळ्यांवर संशय घेणे हा न्याय नव्हे, असे त्यांनी दाखवून दिले. विशेष म्हणजे, आपल्या संघाची बाजू मांडणाऱ्या या ग्रंथात प्रतिपक्षाविषयी एकही कडवट शब्द येऊ नये, याची त्यांनी काळजी घेतली. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉख यांनी १६८१ या वर्षाची गणना मानवी बुद्धीच्या इतिहासातील थोर वर्षांत केली आहे, ती उगीच नव्हे.

माबीयाँ यांना ही शिस्त स्वकीयांकडूनही किंमत देऊन मिळाली होती. बेनेदिक्ती संतांची चरित्रे संपादित करताना, बेनेदिक्ती असल्याचा पुरावा नसलेले काही संत त्यांनी गाळले किंवा त्यांच्याविषयी शंका नोंदवली. तेव्हा त्यांच्याच काही बंधूंनी, हा आपल्या संघाची कीर्ती कमी करतो, अशी तक्रार वरिष्ठांकडे केली. १६७७ साली त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, इतिहासकाराने निश्चित गोष्ट निश्चित म्हणून, खोटी ती खोटी म्हणून आणि संशयित ती संशयित म्हणूनच सांगावी. वरिष्ठांनी त्यांना काम पुढे चालू ठेवू दिले.

ते पत्र

आता १६८३ च्या त्या पत्राकडे येऊ. पापेब्रोख यांनी माबीयाँ यांचा ग्रंथ वाचला. त्यांनी लिहिले की, तो वाचताना प्रथम आपल्याला यातना झाल्या, कारण आपल्या विधानांचे असे खंडन झाले होते की उत्तराला जागाच नव्हती. परंतु वाचता वाचता ग्रंथाच्या उपयुक्ततेने आणि सौंदर्याने त्या दुबळेपणावर मात केली. सत्य इतके स्पष्टपणे मांडलेले पाहून आपल्याला आनंद झाला आणि आपण आपल्या सहकाऱ्यालाही तो आनंद वाटून घ्यायला बोलावले. या विषयावर आपण लिहिले याचे समाधान एकच, की त्यामुळे असा ग्रंथ लिहिला गेला. आणि शेवटी त्यांनी माबीयाँ यांना मोकळीक दिली, की जेथे संधी मिळेल तेथे, पापेब्रोख माझ्या मताशी पूर्णतः सहमत झाले आहेत, असे तुम्ही खुशाल जाहीर करा.

या पत्रातील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली अशी की, पापेब्रोख यांनी आपल्याला दुःख झाले, हे लपवले नाही. नम्रता म्हणजे अभिमान नसणे असे आपण समजतो. ते पुरते खरे नाही. अभिमानाला झालेली जखम प्रामाणिकपणे मान्य करून सत्याला वाट देणे, ही नम्रता. दुसरी अशी की, त्यांनी आपली चूक खासगीत कबूल करून विषय मिटवला नाही. ती जाहीर करण्याची परवानगी दिली. चूक जितक्या लोकांपुढे झाली, तितक्या लोकांपुढे ती दुरुस्त व्हायला हवी, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

दुसरी रीत

मतभेद हाताळण्याची दुसरी रीतही पापेब्रोख यांना लवकरच अनुभवावी लागली. कार्मेल संघाची स्थापना जुन्या करारातील एलिया संदेष्ट्याने केली, अशी त्या संघात परंपरागत श्रद्धा होती. एप्रिलच्या पहिल्या खंडात जेरुसलेमचे कुलगुरू संत आल्बर्ट यांचे चरित्र देताना पापेब्रोख यांनी कागदपत्रांना धरून लिहिले. संघाला पहिली नियमावली आल्बर्ट यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी दिली आणि त्याआधी एलियापर्यंत जाणारी अखंड परंपरा दाखवणारा पुरावा नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

कार्मेल माउलीच्या भक्तीत आम्हीही वाढलो आहोत आणि आविलाची संत तेरेजा व क्रुसाचा संत योहान यांनी ख्रिस्तसभेला दिलेली देणगी कोण विसरेल? त्यामुळे त्या काळच्या कार्मेली बंधूंची वेदना आम्ही समजू शकतो. परंतु त्या वेदनेने धरलेला मार्ग समजून घेणे जड जाते. पत्रके निघाली, उपहास झाला. १६९३ साली सेबास्तियन ऑफ सेंट पॉल या कार्मेली प्रांताधिकाऱ्यांनी पापेब्रोख यांच्या तथाकथित चुकांची मोठी जंत्री छापून ती पोप इनोसंट बारावे यांच्यापुढे ठेवली. १६९५ च्या नोव्हेंबरमध्ये स्पेनच्या इन्क्विझिशनने मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांच्या चौदा खंडांवर बंदी घातली. पापेब्रोख यांनी मुद्द्याला मुद्दा देत तीन भागांत उत्तर छापले. रोमने संतचरित्रांच्या या खंडांचा निषेध केला नाही. मात्र पोपांच्या कालानुक्रमावरील पापेब्रोख यांचा एक निबंध १७०० साली निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत गेला. १६९८ साली पोपमहोदयांनी कार्मेल संघाच्या उगमाविषयी दोन्ही पक्षांनी मौन पाळावे, अशी आज्ञा केली.

पापेब्रोख १७१४ च्या जूनमध्ये निधन पावले. स्पेनमधील बंदी उठली ती १७१५ साली. आपले ग्रंथ निर्दोष ठरल्याचे पाहणे त्या वृद्ध धर्मगुरूंच्या नशिबी नव्हते. १७२७ साली रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरात धर्मसंघांच्या संस्थापकांच्या रांगेत एलियाचा पुतळाही उभा राहिला. आज कार्मेली बंधुभगिनी एलियाला आपला आध्यात्मिक पिता व प्रेरणास्थान मानतात आणि त्यात कोणत्याही इतिहासकाराने हरकत घ्यावे असे काही नाही. श्रद्धेला जो आधार खरोखर हवा होता, तो सनदेचा नव्हताच.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. मौनाची आज्ञा भांडण थांबवते. प्रश्न सोडवत नाही. बंदी पुस्तक अडवते; त्यातील विधान खरे की खोटे, हे सांगत नाही. माबीयाँ यांनी सहा वर्षे मूळ सनदा पाहून जे केले, त्याला पर्याय नाही.

गुरूही फसतात

कथा येथेच संपवली असती तर ती बोधकथा झाली असती. पण इतिहास इतका सोयीचा नसतो. खोटे ओळखण्याचे शास्त्र ज्यांनी घडवले, ते माबीयाँ स्वतः फसले.

ला तूर दोव्हेर्न्य या सरदार घराण्यातील कार्डिनल दे बुइयाँ यांना आपले कुळ आक्वितेनच्या प्राचीन ड्यूकांपासून आल्याचे सिद्ध करायचे होते. तसा पुरावा देणारी काही जुनी पाने ‘सापडली’. १६९५ साली ती तपासण्यासाठी एत्येन बालूझ, दोम त्येरी रुइनार आणि दोम माबीयाँ हे त्या काळचे तीन श्रेष्ठ जाणकार बसले. तिघांनीही ती अस्सल असल्याची सही दिली. १७०० साली जाँ-पिएर दे बार नावाच्या इसमाला अटक झाली आणि १७०४ साली न्यायालयाने ती पाने त्याची बनावट कृती असल्याचा निर्णय दिला. बालूझ यांनी तरीही त्या घराण्याचा इतिहास १७०८ साली छापला आणि १७१० साली राजाच्या रोषामुळे त्यांना पद गमावून हद्दपार व्हावे लागले. माबीयाँ १७०७ च्या डिसेंबरातच निवर्तले होते.

दुसरा प्रसंग वान्दोम येथील बेनेदिक्ती मठाचा. तेथे प्रभू येशूचा अश्रू म्हणून एक अवशेष पुजला जात असे. जाँ-बाप्तिस्त त्येर या धर्मगुरूंनी १६९९ साली त्याच्या खरेपणावर आक्षेप घेतला, तेव्हा माबीयाँ यांनी मठाची बाजू घेतली. गंमत अशी की, याच माबीयाँ यांनी १६९८ साली टोपणनावाने एक पत्र छापून, रोमच्या भुयारांतील अज्ञात अस्थी पुराव्याविना हुतात्म्यांच्या म्हणून पूजू नयेत, असा इशारा दिला होता. त्याबद्दल त्यांना रोममध्ये टीका सोसावी लागली आणि १७०५ साली त्यांनी त्या पत्राची सुधारित आवृत्ती काढली. रोमच्या भुयारांविषयी जो निकष त्यांनी लावला, तो आपल्या बंधूंच्या मठाविषयी लावताना त्यांचा हात कचरला, असेच म्हणावे लागते.

आम्ही हे माबीयाँ यांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. ज्ञान आणि साधुत्व या दोहोंनी संपन्न असलेला मनुष्यही, जेथे आपली माणसे गुंतलेली असतात तेथे, अडखळतो. म्हणूनच सत्याची राखण एका माणसाच्या सद्गुणावर सोपवता येत नाही. तिला व्यवस्था लागते, दुसऱ्याची नजर लागते.

आजचे सनदकार

ही तीनशे वर्षांपूर्वीची हकीकत आज आठवण्याचे कारण आहे. आज मठांच्या सनदांची जागा शोधनिबंधांनी घेतली आहे. सनदेवर जमीन मिळे. निबंधावर नोकरी, बढती आणि पदवी मिळते. साहजिकच सनदकारही अवतरले आहेत. पैसे घेऊन निबंध तयार करून देणारे कारखाने जगभर चालतात. २०२३ या एका वर्षात दहा हजारांहून अधिक शोधनिबंध प्रकाशकांना मागे घ्यावे लागले. त्यांतील आठ हजारांहून अधिक हिंदावी या एकाच प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतील होते. आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. मजकुरातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही आणि साठ टक्क्यांहून अधिक असल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द, अशी त्यांत चढती श्रेणी आहे. विश्वासार्ह नियतकालिकांची यादी करण्याचे काम पुण्याच्या विद्यापीठातील कक्षाकडे सोपवले गेले होते. ती यादी आयोगाने २०२५ साली बंद केली.

नियम हवेतच. पण टक्केवारी मोजणारे यंत्र शब्दांची चोरी पकडते. न केलेला प्रयोग आणि न वाचलेला दगड त्याला दिसत नाही. १९९७ साली ब्रिटनमधील काही वैद्यकीय संपादकांनी प्रकाशनातील नीतिमत्तेसाठी एक समिती स्थापन केली. तिच्या मार्गदर्शक सूत्रांतील एक विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो: निबंध मागे घेण्याचा मुख्य हेतू लेखकाला शिक्षा करणे हा नसून, ज्ञानाचा साठा शुद्ध करणे हा आहे. प्रायश्चित्ताचा संस्कार देणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना हा भेद ओळखीचा आहे. पापाची क्षमा होते, पण झालेले नुकसान भरून देण्याचे कर्तव्य उरतेच. चोरलेली वस्तू परत करावी लागते. तसेच छापलेले असत्य परत घ्यावे लागते.

आमची एक सनद

हे सारे लिहिल्यावर एक गोष्ट स्वतःविषयी सांगितल्यावाचून आम्हांला लेखणी खाली ठेवता येत नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू असताना, तेथील महोत्सवी स्मरणिकेसाठी गावाचा इतिहास लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. मुदत तीन आठवड्यांची होती. गावाच्या वेशीवरील जुन्या दगडी क्रुसाविषयी आम्ही लिहिले, की त्याच्या चौथऱ्यावर १६९६ हे साल कोरलेले असून तो पोर्तुगीज अमदानीतील आहे. आम्ही तो दगड वाचलेला नव्हता. चुन्याच्या थरांखाली अक्षरे दिसतच नव्हती. एका वयोवृद्ध गृहस्थांनी साल सांगितले, आम्ही ते लिहिले. पहिल्या मसुद्यात ‘असे सांगतात’ हे दोन शब्द होते. वाक्य दुबळे वाटते म्हणून आम्हीच ते गाळले. पुढे एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्मरणिकेचा आधार देऊन ते साल घेतले. त्यानंतर निघालेल्या एका पुस्तिकेत स्मरणिका आणि प्रबंध असे दोन आधार दिले गेले. एका ऐकीव गोष्टीला दोन साक्षीदार मिळाले होते आणि दोन्ही साक्षीदारांच्या आड आम्हीच उभे होतो.

दोन वर्षांपूर्वी चौथऱ्याची दुरुस्ती निघाली. गवंड्याने चुन्याचे थर खरवडले आणि आम्हांला मुद्दाम निरोप आला. आम्ही गेलो. दुसरा आकडा सहाचा नव्हता, आठाचा होता. साल १८९६. शेजारी उभे असलेले एक ज्येष्ठ धर्मग्रामस्थ हसून म्हणाले, “फादर, आमचा क्रूस तुम्ही दोनशे वर्षांनी म्हातारा केला होता की!” मग जरा थांबून त्यांनी विचारले, “आता पुस्तकात काय लिहायचं?” आम्ही उत्तर दिले नाही. त्या दिवशी दिले नाही आणि त्यानंतरची दोन वर्षेही दिले नाही. कोणी विचारत नव्हते, हे त्याचे एक कारण आणि लाज वाटत होती, हे खरे कारण. आठव्या आज्ञेवर या काळात आम्ही किती प्रवचने दिली असतील!

म्हणून येथे लिहितो. त्या क्रुसावरील साल १८९६ आहे. १६९६ हे आमचे विधान चुकीचे होते. ते आम्ही मागे घेत आहोत आणि ज्यांनी आमच्यावर विसंबून ते पुढे लिहिले, त्यांची क्षमा मागतो. त्या विद्यार्थ्याचा यात दोष नाही. त्याने छापील शब्दावर आणि धर्मगुरूच्या झग्यावर विश्वास ठेवला.

१८९६ हे मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली ते वर्ष. त्या संकटकाळात मुंबईच्या परिसरात ठिकठिकाणी क्रूस उभारले गेले, हे सर्वज्ञात आहे. हाही क्रूस त्याच नवसाचा असावा, असे लिहिण्याचा मोह आम्हांला होतो आहे. तसे असेल तर त्या गावाच्या पूर्वजांचे अश्रू त्या दगडात आहेत आणि तो दोनशे वर्षांनी धाकटा असूनही अधिकच पूज्य ठरेल. परंतु दगडावर फक्त साल आहे. कारण लिहिलेले नाही. तेव्हा तेवढेच आम्ही येथे नोंदवतो. बाकीचे, कोणाच्या घरात जुना कागद असेल तर, तो वाचून कोणीतरी लिहावे.